वारसा की ओझे?

किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या प्रेमकादंबऱ्या म्हणजे उथळ करमणूक, असा एक सर्वसाधारण समज आहे. परंतु समाजधुरीणांच्या परिसंवादांत जे प्रश्न अनुत्तरित राहतात, ते कधीकधी अशाच एखाद्या पुस्तकात निःसंकोचपणे मांडलेले आढळतात. निकोला यून यांची २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली 'द सन इज ऑल्सो अ स्टार' ही कादंबरी त्यांपैकी एक. त्याच वर्षी ती तेथील 'नॅशनल बुक अवॉर्ड'च्या अंतिम यादीत होती. २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

न्यूयॉर्कमधील एका दिवसाची ही कथा. नताशा मूळची जमैकाची. लहानपणीच अमेरिकेत आलेली, पण वास्तव्याची वैध कागदपत्रे नसलेली. त्याच रात्री तिच्या कुटुंबाला देश सोडावयाचा आहे. डॅनियल कोरियन दांपत्याचा मुलगा. येल विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मुलाखत द्यावयास तो निघाला आहे. मुलाने डॉक्टर व्हावे ही घरची इच्छा, त्याचा ओढा मात्र कवितेकडे. या दोघांची भेट होते आणि दोन घरांतील दोन जगे समोरासमोर उभी ठाकतात.

डॅनियलच्या वडिलांचे दुकान कृष्णवर्णीयांच्या केशप्रसाधनांचे आहे. हा योगायोग नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेने चिनी केसांच्या टोपांची आयात रोखली. दक्षिण कोरियाने कच्च्या केसांच्या निर्यातीवर बंदी घालून तयार टोपांचा उद्योग वाढविला. तेथून अमेरिकेत गेलेल्या अनेकांनी हाच व्यापार हाती घेतला आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत दुकाने थाटली. ज्या समाजाच्या गिऱ्हाइकीवर घर उभे राहिले, त्याच समाजातील मुलगी मुलाबरोबर दुकानात येताच वडील तिच्या हाती केस सरळ करण्याचे औषध ठेवतात. दोन समाज वर्षानुवर्षे शेजारी राहूनही एकमेकांना किती अपरिचित राहू शकतात, हे या एका कृतीतून दिसते. तरीही लेखिका वडिलांना खलनायक करीत नाही. त्यांचे दारिद्र्य, कष्ट आणि मुलांविषयीची भीती ती तितक्याच ममतेने सांगते.

या कथेचे महाराष्ट्राशी नाते काय, असा प्रश्न कोणी विचारील. राष्ट्रवार कोटा रद्द करणाऱ्या १९६५च्या ज्या कायद्याने कोरियन कुटुंबांना अमेरिकेचे दार उघडले, त्याच दारातून मराठी डॉक्टर आणि अभियंतेही तेथे गेले. त्यांनी गणेशोत्सव नेले, दिवाळी नेली, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. त्यांची मुलेही अशाच शाळांत, अशाच मित्रमैत्रिणींत वाढली. त्यांतील कोणी परक्या समाजातील जोडीदार निवडला की घरात प्रथम अबोला, मग अश्रू आणि शेवटी 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न. ही भीती खोटी नाही. आजीची भाषा नातवंडांना कळेनाशी होणे ही खरीखुरी हानी आहे आणि तिची वेदना टिंगलीचा विषय होऊ शकत नाही.

मात्र ही हानी विवाहाच्या दिवशी सुरू होत नाही. ज्या दिवशी घरातील सण केवळ छायाचित्रांपुरता उरतो, 'असे का करावयाचे?' या मुलाच्या प्रश्नाला 'करायचे म्हणून' एवढेच उत्तर मिळते, त्याच दिवशी ती सुरू झालेली असते. अर्थ न सांगता हाती ठेवलेला वारसा मुलांना ओझेच वाटणार आणि ओझे उतरविण्याची संधी प्रत्येक जण शोधतो. अमेरिकेतील अनेक शहरांत सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या मराठी शाळांचे मोल म्हणूनच मोठे आहे. तेथे स्वयंसेवक पालक शिकवितात आणि वारसा समजावून देण्याचे कष्ट घेतात.

ज्या मुलाला स्वतःच्या घराचा अर्थ उमगला आहे, तो दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवताना आपले घर विसरत नाही. उलट तेथील माणसांना तो ते अभिमानाने समजावून सांगतो. त्याचा जोडीदार कोणत्याही समाजातला असो, ती भाषा आणि ते सण त्याच्याबरोबर पुढे जातील. बंदीने जे राखता येत नाही, ते संवादाने राखता येते. परदेशातील मराठी घरांनी हा संवाद मुले सतरा वर्षांची होईपर्यंत लांबणीवर टाकू नये.