गाणे की जाहिरात?

टीव्हीवर गाणे लागले की हातातले काम सोडून तुम्ही पाहत राहता ना? गायक नाचतो, रंग बदलतात, पाय ठेका धरतात. अशा म्युझिक व्हिडिओला कला म्हणावे की जाहिरात?

१ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली. सुरुवातीला तबकड्या काढणाऱ्या कंपन्या आपले व्हिडिओ तिला फुकट देत. कारण उघड होते. गाणे पाहिले की लोक तबकडी विकत घेत. म्हणजे ती जाहिरातच झाली!

पण मायकेल जॅक्सनचे 'थ्रिलर' पाहा. १९८३ साली तेही तबकडी खपावी म्हणूनच तयार झाले. तरी दिग्दर्शक जॉन लँडिस यांनी सुमारे १४ मिनिटांत एक भयकथा रंगवली. २००९ साली जतन करण्याच्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत ते आले. तबकड्यांचा बाजार ओसरला. तो नाच मात्र लोक आजही शिकतात.

मला वाटते, जाहिरात म्हणून जन्मलेली गोष्टही मेहनतीने कला होऊ शकते. पण प्रत्येक चकचकीत गाणे कला नसते. म्हणून घरच्यांच्या कष्टाचा पैसा खर्च करण्यापूर्वी स्वतःला विचारा : मनात काय उरले? सूर, की विकत घ्यायची वस्तू?