काट्याचा शिक्का आणि गाडीचा दाखला

वजनमापे खात्याचा निरीक्षक दुकानी आला की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळास आठी पडते. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी करून घ्यावी लागते. त्यात फी जाते, वेळ जातो आणि क्वचित मनःस्तापही होतो. तथापि काटा खरा ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे त्या शिक्क्यापायी नुकसान झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. शेजारचा खोटा काटा ज्याच्या पोटावर येतो, त्याला या शिक्क्याचाच आधार असतो. असे असता, ज्या गाडीत आपण आपली मुलेमाणसे बसवितो तिची चौकशी काट्याइतकीही आपण करीत नाही, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

दक्षिण महाराष्ट्रातील व बेळगावकडील आपली कुटुंबे हल्ली गोव्यास वारंवार जातात. कोणी बांद्यावरून पत्रादेवीच्या नाक्याने पेडण्यात उतरतात, तर कोणी चोर्ला घाटाने साखळीस, म्हणजे डिचोली तालुक्यात येतात. नार्वे येथील जैनकोटाचे अवशेष पाहण्याची ओढही काहींस असते. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि पेडणे हे गोव्याचे दुसरे महाद्वारच बनले. उतरल्यावर गाडी हवी असते, आणि तेथे चार पैसे कमी सांगणारा कोणीतरी भेटतोच.

पाटीचा रंग येथे पाहावा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे ही टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे ही स्वतः चालविण्यास भाड्याने मिळणारी मोटार. या दोहोंस १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्यास आपण ‘पासिंग’ म्हणतो ते, आवश्यक आहे. नव्या गाडीस ते दोन वर्षांचे मिळते, गाडी आठ वर्षांची होईतो दर दोन वर्षांनी व त्यानंतर प्रतिवर्षी नवे करावे लागते. पांढऱ्या पाटीच्या खाजगी मोटारीस मात्र नोंदणीनंतर १५ वर्षेपर्यंत अशी परीक्षा नाही. घरच्या वापरासाठी ते चालून जाते. पण तीच मोटार चोरून भाड्याने फिरू लागली की ती टॅक्सीइतकी झिजते आणि तिची तपासणी कोणीच करीत नाही. शिवाय खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वर्ज्य असतो; अपघात झाल्यास विमा कंपनीस हरकत घेण्यास आयतेच कारण मिळते. हा सौदा स्वस्त कसा म्हणावा?

पासिंग झालेली गाडीही पुढे कायम निर्दोष राहते असे नव्हे. हरमल-केरीकडची खारी हवा लोखंडास गंज चढविते. चोर्ल्याच्या उतारावर पावसात ब्रेक व टायर यांची खरी कसोटी लागते. टायरच्या नक्षीची खोली नियमाने किमान १.६ मिलिमीटर हवी, आणि ती काही महिन्यांतच त्याखाली जाऊ शकते. म्हणून हंगामात रस्त्यावरच्या अचानक तपासणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

टॅक्सीवाल्यांची अडचण आम्ही जाणतो. कर्जावर घेतलेली गाडी, पावसाळ्यात मंदावलेला धंदा, आणि तपासणीपायी बुडालेली एका दिवसाची कमाई! आम्हीही व्यापारीच आहोत. यास्तव पेडणे व डिचोली येथेच, पावसाळा संपता संपता, हंगामापूर्वी तपासणीची शिबिरे भरवावीत, म्हणजे कोणाचा रोज बुडणार नाही, अशी आमची सूचना आहे. परंतु तपासणीच नको, हे म्हणणे आम्हांस मान्य नाही.

पाऊल टाकताना वाट निरखावी, ही ईर्यासमिती आपल्या साधुसाध्वी कटाक्षाने पाळतात. आपण श्रावक ताशी ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत डोळे मिटून बसतो, आणि प्रमाद हे हिंसेचे मूळ आहे हे पर्युषणात ऐकून घरी येतो!

आपल्या संघटनेच्या यात्रा-सहलींपुरता तरी प्रारंभ व्हावा. एम-परिवहन या ॲपवर गाडीचा क्रमांक घातला असता प्रमाणपत्राची मुदत दिसते. त्यास दोन मिनिटे पुरतात. प्रवाशांची नावे ज्या कागदावर लिहिली जातात, त्यावरच गाडीचा क्रमांक व ही मुदत चिटणिसांनी नोंदवावी, आणि मुदत संपलेली असेल तर बयाणा देऊ नये.