खाऱ्या वाऱ्यातली गाडी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमच्या भाच्याने आपली जुनी गाडी विकायला काढली होती. धाकट्या बहिणीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि सोमवारी गिऱ्हाईक येणार होते. खारदांड्याच्या गल्लीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ही काळी गाडी सात वर्षे उघड्यावर उभी राहिलेली. रंग मंद पडला होता. म्हणून रविवारी भाच्याने सीलंटची बाटली आणली, गाडीवर दोन बादल्या पाणी ओतले आणि भर दुपारच्या उन्हात बोनेटपासून डिकीपर्यंत सगळीकडे सढळ हाताने सीलंट चोपडले.

अर्ध्या तासाने पाहतो तो पांढरे पट्टेच पट्टे. घाबरून त्याने कोरड्या फडक्याने जोर लावून घासले. पट्टे फिके झाले, पण बारीक ओरखडे उमटले. सोमवारी गिऱ्हाईकाने बोनेटवर हात फिरवला, "ठोकलेली गाडी पुन्हा रंगवलीय का?" असे विचारले आणि ते निघून गेले. "मामू, चांगलं करायला गेलो आणि पैसे गेले," भाचा म्हणाला.

दोष सीलंटचा नव्हता. गाडीच्या रंगावर पारदर्शक लेप असतो, तो केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. सीलंट म्हणजे त्यावर बसणारा कृत्रिम पॉलिमरचा आणखी पातळ थर. ब्राझीलमधल्या कार्नोबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण चमक छान देते, पण आपल्याकडच्या उन्हात लवकर उतरते. सीलंट काही महिने टिकते. समुद्राकाठी त्याची गरज अधिक, कारण मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि ते पत्र्यावर बसून राहते. पण जितके रंगाला चिकटते तितकेच सीलंट कामाचे. उरलेले वर सुकून पट्टे होतात. तापलेल्या पत्र्यावर तर ते पुसायच्या आधीच वाळून घट्ट बसते.

शेजारचे कोळी काका हे पाहत होते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून त्यांची डागडुजी, रंगरंगोटी होते. ते म्हणाले, "अरे पोरा, आमी होडीला रंग देताना आधी खरवडतो, सुकवतो, मग हात देतो. तू मिठावरच लावलंस."

पुढच्या रविवारी आम्ही भाच्यासोबत उभे राहिलो. सकाळी आठला, गल्लीत ऊन शिरण्याआधी, काम सुरू केले. आधी नुसत्या पाण्याने मीठ आणि वाळू वाहून जाऊ दिली. मग दोन बादल्या घेतल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. हात फिरवल्यावर पत्रा खरखरीत लागत होता, तेव्हा शाम्पूचे पाणी मारून क्ले बारची वडी हलक्या हाताने फिरवली. पुन्हा धुऊन पूर्ण कोरडे केले. आरशांच्या आणि दारांच्या फटीत पाणी राहते, ते नंतर ओघळून डाग पाडते, म्हणून फटीही टिपल्या. ओरखड्यांवर पॉलिश फिरवले. बरेच गेले, काही राहिले.

मग सीलंट. स्पंजावर नाण्याएवढा थेंब घेऊन एका वेळी एकच भाग करायचा. आधी टप, मग बोनेट, मग एकेक दार. थर इतका पातळ की दिसता दिसू नये. काळ्या प्लॅस्टिकवर आणि रबरावर लागू द्यायचे नाही, तिथे पांढरे डाग राहतात. थोडे थांबून बोटाने ओढून पाहायचे. बोटामागे स्वच्छ चमक दिसली तर पुसायची वेळ झाली, फराटा उमटला तर अजून थांबायचे. आपल्याकडच्या दमट हवेत हा वेळ वाढतो. काही फवारायची सीलंटे मात्र ओली असतानाच पुसायची असतात, तेव्हा बाटलीवरची सूचना आधी वाचावी.

पुसायला दोन मायक्रोफायबरची फडकी हवीत. पहिल्याने थर काढायचा, दुसऱ्या स्वच्छ फडक्याने शेवटचा हात. फडके भरले की घडी उलटायची. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा गाडीला लावायचे नाही, त्यातली वाळूच ओरखडे काढते. ही फडकी धुताना कपडे मऊ करणारे द्रव टाकू नये, त्याचा चिकटपणाही पट्टे पाडतो. तरी कुठे पट्टा राहिलाच तर जोर लावू नये. त्याच सीलंटचा पुसट हात पुन्हा द्यावा, जुना वाळलेला थर सुटतो, मग लगेच पुसावे. त्यानंतर बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत गाडी भिजू देऊ नये.

एवढे करूनही सीलंट गंज थांबवत नाही. जिथे रंगाचा टवका उडाला आहे तिथे आधी रंगच भरावा लागतो. खालच्या बाजूचे मीठ तर पाण्यानेच धुवावे लागते.

तीन आठवड्यांनी दुसरे गिऱ्हाईक आले. भाच्याने त्यांना आधीच बोनेटवरचे उरलेले ओरखडे बोट ठेवून दाखवले आणि ते कसे पडले तेही सांगितले. ते हसले, किंमत थोडी पाडली आणि गाडी घेऊन गेले. फी वेळेत भरली गेली. बाटलीत अजून निम्म्याहून अधिक सीलंट शिल्लक आहे. पहिल्या दिवशीच हात आखडता घेतला असता तर ओरखडेही पडले नसते आणि किंमतही पाडावी लागली नसती.