वडोदरा शहरातील गेम झोन व मॉलमध्ये मुलांच्या सुरक्षिततेबाबत निवेदन

दिनांक : 19 मे 2025
ठिकाण : करजण

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
वडोदरा जिल्हा, वडोदरा

विषय : गेम झोन, मॉल व व्यापारी संकुलांची तपासणी करून तिचा निकाल जनतेसाठी खुला करण्याबाबत.

महोदय,

आम्ही करजण शहर व तालुक्यातील मराठी भाषिक पालक आणि रहिवासी आपणांस पुढील निवेदन सादर करीत आहोत.

करजणकरांचा मोठा बाजार म्हणजे वडोदरा. लग्नाचा बस्ता मंगळबाजारातून आणि मुलांना घेऊन गेलो की कमाटीबाग, असे पूर्वी ठरलेले असे. आता मुले मॉल आणि गेम झोनचा हट्ट धरतात. सुट्टीत ती मियागाम-करजण स्थानकावरून गाडीने किंवा महामार्गाने तिथे जातात; पुष्कळदा शेजाऱ्यांच्या किंवा क्लासच्या सोबतीने, आईवडिलांशिवाय. त्या इमारतींना परवानगी देणाऱ्या महापालिकेत मात्र आम्हांला मत नाही, आमचा नगरसेवक नाही. म्हणून साऱ्या जिल्ह्याचे प्रमुख या नात्याने आम्ही आपल्याकडे आलो आहोत.

येत्या 25 मे रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमधील आगीला एक वर्ष पूर्ण होईल. त्या शनिवारी तिकीट 99 रुपयांवर आणल्यामुळे गर्दी उसळली होती. पत्र्याचे बांधकाम, आत इंधनाचा साठा, चालू असलेले वेल्डिंग आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नाही, अशा स्थितीत 27 जीव गेले. मृतांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. उच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून दखल घेऊन ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. त्याआधी 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये 22 विद्यार्थी दगावले. दोन्ही आगी मे महिन्याच्या सुट्टीत लागल्या. आपल्या वडोदऱ्यात 18 जानेवारी 2024 रोजी हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडाल्या. हा बोटविहार महापालिकेने ठेक्याने दिलेला होता.

प्रत्येक वेळी दुर्घटनेनंतर धडक तपासणी होते, सील लागतात, काही महिन्यांनी सारे पूर्ववत होते. व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर मुलांना खेळायला नेले की आजही दिसते ते असे : जिन्याच्या वळणावर शेजारच्या दुकानाचे खोके रचलेले, मागच्या दाराला कुलूप, खिडक्यांवर जाहिरातीचे फलक आणि आत फोमच्या गाद्या व प्लॅस्टिकचे चेंडू. ठिणगी पडली तर आगीआधी धूरच मुलांना गाठील. तिकीट काढणाऱ्या पालकाला तिथे खेळाचा दर दिसतो. ती जागा तपासलेली आहे की नाही, हे मात्र कुठेही दिसत नाही.

ही ठिकाणे बंद करावीत, अशी आमची मागणी नाही. मुलांना खेळ हवा आणि तिथे काम करणाऱ्यांना रोजगार हवा. आमच्या मागण्या अशा :

1. शाळा उघडण्यापूर्वी महापालिका, अग्निशमन, वीज व पोलीस विभागांनी सर्व गेम झोन, मॉल आणि व्यापारी संकुलांची संयुक्त तपासणी करावी व ठिकाणवार निकाल जाहीर करावा.

2. अग्निसुरक्षा प्रमाणपत्र, त्याची मुदत आणि एका वेळी आत सोडायच्या माणसांची कमाल संख्या प्रवेशद्वारावर ठळक अक्षरांत लावणे सक्तीचे करावे. सवलतीच्या दिवशीही ती संख्या ओलांडू देऊ नये.

3. पत्र्याच्या तात्पुरत्या बांधकामात गेम झोन चालवू देऊ नये. आत इंधन साठवण्यास आणि ग्राहक असताना वेल्डिंग करण्यास बंदी घालावी.

4. बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग नसलेल्या ठिकाणाचा परवाना स्थगित करावा. जिने अडवणाऱ्या दुकानदारांवरही कारवाई करावी.

5. ‘स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश’ अशा कागदावर पालकांची सही घेऊन चालकाला जबाबदारीतून सुटता येणार नाही, असा स्पष्ट आदेश काढावा.

6. शाळा व क्लासच्या सहलींना अशा ठिकाणी नेण्यापूर्वी त्या जागेचे वैध प्रमाणपत्र पाहणे बंधनकारक करावे.

7. तपासलेल्या ठिकाणांची यादी करजणच्या मामलतदार कचेरीत लावावी आणि तालुक्यातील नागरिकांच्या तक्रारी तिथेच स्वीकाराव्यात.

यांपैकी बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही. गुजरातमध्ये आगप्रतिबंध व जीवसुरक्षेचा कायदा 2013 पासून आहे. त्याची अंमलबजावणी दुर्घटनेआधी व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तरी आपण या मागण्यांवर तातडीने आदेश द्यावेत आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हांला कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
करजण तालुक्यातील मराठी भाषिक पालक व रहिवासी

सोबत : निवेदनाचा गुजराती अनुवाद व सह्यांची यादी

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
1. मा. आयुक्त, वडोदरा महानगरपालिका
2. मा. मामलतदार, करजण