चवदार तळ्याची शंभरी आणि महागावची गावतळी : पाण्याच्या हक्काची पुढची लढाई

20 मार्च 2027 रोजी महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त रॅली, व्याख्याने, अभिवादन सभा होतील आणि त्या व्हायलाच हव्यात. पण यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्यातील तरुणांपुढे आम्ही एक साधा प्रश्न ठेवू इच्छितो. ज्या गावतळ्यावर जाण्यापासून आज कायद्याने आपल्याला कोणी रोखू शकत नाही, त्याचे पाणी ओंजळीत घेण्यासारखे उरले आहे का?

महाडचा इतिहास आपल्याला पाठ आहे. 1923 साली बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी 1927 पर्यंत तो हक्क कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. विज्ञान काय सांगते? शेणाने पाण्यात जंतू वाढतात, दूध-दही कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. म्हणजे त्या ‘शुद्धी’चा पाण्याच्या स्वच्छतेशी काडीचाही संबंध नव्हता. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ही लढाई चालली.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15(2) ने विहिरी, तळी, स्नानघाट सर्वांना खुले केले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अनुच्छेद 51क(छ) ने तळी आणि नद्या जपणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले. हक्क आणि कर्तव्य दोन्ही आपल्या हातात आहेत.

आता महागावकडे पाहू. हा पुस आणि पैनगंगेच्या खोऱ्यातला, कापूस-सोयाबीनचा पट्टा. पावसाळ्यात शेतातली माती, रासायनिक खत आणि फवारणीचे औषध ओढ्या-नाल्यांतून सखल भागातल्या तळ्यात उतरते. 2017 मध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध फवारलेला पंप तळ्यात धुतला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. खत आणि सांडपाण्यामुळे शेवाळ, जलपर्णी माजते. ती कुजली की प्राणवायू घटतो आणि मासे मरतात.

मग रहिवाशांनी काय करायचे?

फवारणीचे पंप आणि औषधाचे रिकामे डबे तळ्याजवळ आणू नयेत. कपडे, भांडी, वाहने काठापासून दूर धुवावीत. जनावरांसाठी वेगळा हौद बांधावा. काठावर गवत आणि झुडपांचा पट्टा राखावा, तो वाहून येणारी माती अडवतो. घरचे सांडपाणी शोषखड्ड्यात जिरवावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली. तिथे जाऊन ते काम पाहता येईल. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकावा.

पाण्याची तपासणीही आपणच सुरू करू शकतो. एचटूएस चाचणीच्या बाटलीत पाणी भरून 24 ते 48 तास ठेवले आणि ते काळे पडले, तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता असते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामसभेत विचारा. दर महिन्याचा निकाल विहाराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘श्रमदान’ म्हणून बौद्ध वस्तीतल्या पोरांनी गाळात उतरायचे आणि बाकी गावाने काठावरून फोटो काढायचे, असे होता कामा नये. महाडच्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडून स्वाभिमानाने जगायला सांगितले होते. घाण उपसण्याचे काम पुन्हा जातीने वाटले जात असेल तर ते ठामपणे नाकारा. प्रत्येक आळीची पाळी लावा. 2013 च्या कायद्याने हाताने मैला उचलण्यास आणि सुरक्षा साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी आहे.

शिवाय लोकांनी शिस्त पाळली तरी गटाराचे तोंड तळ्याकडेच राहिले, तर सारे व्यर्थ. 1974 चा जल प्रदूषण कायदा जलसाठ्यात घाण सोडण्यास मनाई करतो, आणि ही मनाई स्थानिक संस्थांनाही लागू आहे. म्हणून नगरपंचायत असो वा ग्रामपंचायत, माहिती अधिकारात चार गोष्टी मागा : तळ्याची मोजणी, अतिक्रमणे, त्यात मिळणारी गटारे आणि गेल्या तीन वर्षांचा खर्च.

भिक्खूंच्या विनयातही आजारी नसताना पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये असा नियम आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाला जे कळले, ते आपल्या गावाला कळायला आणखी किती वर्षे लागणार?

शंभराव्या वर्षी महाडला जरूर जाऊ. पण जाण्याआधी आपल्या गावच्या तळ्याचा एक तपासणी अहवाल हातात असू द्या. जय भीम!