आशय आणि कथासार

‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा आशय विचारला की पदव्युत्तर विद्यार्थी पांडुरंग सांगवीकरची हकीकत सांगतो : शिक्षणासाठी खेड्यातून पुण्यास येणे, तेथील अपयश, गावी परतणे. हे कथासार झाले. मनीच्या मृत्यूनंतर निवेदनाची भाषा मोडते, पुढे रोजनिशीच्या त्रोटक नोंदी येतात. यांचा विचार तो ‘अभिव्यक्ती’वरील पुढच्या प्रश्नासाठी राखून ठेवतो. दोष त्याचा नव्हे. प्रश्नपत्रिकेने ही फाळणी आधीच केलेली असते (आणि मार्गदर्शिकांनी ती पाठ करून घेतलेली). वस्तुतः पांडुरंगच्या दुःखाला अर्थ येतो तो भाषेच्या त्या मोडण्यातच. ती भाषा वगळल्यावर उरतो केवळ तपशील. आणि वर्गात ‘आशय’ म्हणून उतरवून दिला जातो तो हाच.