श्वासाचा आधार, पण आधी दवाखाना

शिंदखेड्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. 'मालकांनी दारू सोडायचे ठरवले आहे. घरीच बसवून आनापान करून घेऊ का? दवाखान्यात गेलो तर गावभर होईल.'

ताई, रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, पुढे माणूस भ्रमात बरळू लागतो. यात जीवही जातो. त्या वेळी औषधच लागते. आधी धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. गावभर झाले तर होऊ द्या. पिऊन पडलेला माणूस गावाने पाहिलेलाच असतो!

श्वासाचे काम त्यानंतरचे, आणि ते मोठे आहे. अंगातली दारू उतरते, मनातली उतरत नाही. दिवेलागण झाली की पाय गुत्त्याकडे वळतात. तेव्हा ताठ बसावे, नाकपुड्यांशी लक्ष ठेवावे, श्वास जसा येतो-जातो तसा पाहावा. ओढूताणून घेऊ नये. तलफ घशात जाणवते की छातीत, तेही पाहावे. तिच्याशी भांडू नये. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ॲलन मारलॅट यांनी याला लाटेवर स्वार होणे म्हटले. त्यांच्या पद्धतीची २८६ जणांवरील तपासणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर ध्यान शिकलेल्यांचे नशेचे दिवस इतरांपेक्षा कमी भरले. मात्र ते सारे आधी उपचार घेतलेले होते, हे विसरू नका.

इगतपुरीला १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात, पहिले तीन दिवस आनापानच असते. पण ते व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. पिणाऱ्याला तिथे नेऊन सोडू नका. त्यासाठी पुण्याचे मुक्तांगण आहे, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले.

बावीस प्रतिज्ञा घेऊन पुन्हा प्यायलो, या लाजेने ते विहारात येत नाहीत, असे तुम्ही लिहिता. पण पाचवे शील आपण सारेच प्रत्येक वंदनेला नव्याने घेतो ना? त्यांनाही घेऊ द्या.

१४४४६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि संध्याकाळी ते बसतील तेव्हा तुम्हीही शेजारी बसा, पहारेकरी म्हणून नव्हे. दहा मिनिटे पुरेत. चहा मग ठेवा.